गोदामातला खुनी आणि पांढरकानी मेंढी

साध्या माणसाला खुनी करायला चाकू लागत नाही. कॅमेरा त्याच्या पाठीमागं, कमरेच्या उंचीवर धरायचा आणि आवाज न करता चालत राहायचं. समोरचा बिचारा तांब्या घेऊन पाणी आणायला निघालेला असला तरी बघणारा म्हणतो, ह्या माणसाचं काही खरं नाही. हे मला कुण्या शाळेत शिकवलेलं नाही. सेनगावात बस स्टँडच्या मागं माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, आणि लग्नं नसली की मी तिथं बसून थरारपट बघतो. इतके बघितलेत की दुकानातल्या पालीसुद्धा आता दोन पावलं चालून थांबतात, मागं वळून बघतात आणि मगच पुढं सरकतात.

ही विद्या डोक्यात ठेवून गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वारंगा फाट्यावरच्या एका लग्नात मला खुमखुमी आली. नवरीला मांडवात आणायचा मान तिच्या मामाचा. हा मामा जीपमधून उतरला तसा मी त्याला पाठीमागून धरला. तो चालला की मी चाललो, तो थांबला की मी थांबलो. त्याचा हात दर चार पावलांनी खिशावर जायचा. तो हात मी इतक्या जवळून घेतला की अंगठीच्या खड्यात सगळा मांडव दिसत होता, जिलेबीच्या कढईसकट.

दुकानात एडिटिंग माझी बायको करते. मी तिला सनई काढायला लावली आणि त्या जागी खालच्या पट्टीतला एकच सूर टाकला, लांबच लांब, न संपणारा.

"आवो, हे लग्न हाय का दरोडा?" ती म्हणाली.

"तू बघत राहा. ह्याला सिनेमा म्हणतात."

नवरदेवाकडच्यांनी तो घरी टीव्हीवर लावला. मामा मांडवाच्या पायरीपर्यंत पोचायच्या आत नवरदेवाच्या आत्यानं उठून आतल्या खोलीत जाऊन आपले सगळे दागिने चाचपले. काहीच गेलेलं नव्हतं. तिनं परत येऊन पुढं बघितलं आणि पुन्हा जाऊन चाचपले. तरीही काही गेलेलं नव्हतं, आणि त्यामुळं तर तिचा संशय पक्का झाला. शेवटी दोन्हीकडची चार-चार माणसं बैठकीला बसली आणि मामाला विचारण्यात आलं, खिशात काय होतं. मामानं मान खाली घातली. मग म्हणाला, "कवळी." फोटोपुरती तोंडात बसवायची म्हणून जपून आणलेली, आणि सारखं चाचपणं ती पडली तर नाही ना, यासाठी.

मामाची अब्रू वाचली, माझी गेली. कळमनुरीपासून औंढ्यापर्यंत बोभाटा झाला की ह्याला लग्नाला बोलवाल तर तुमच्या आजीला फरार करून देईल. ऐन लग्नसराईत माझा फोन असा मुका झाला की मी अधूनमधून स्वतःच्याच नंबरला मिस कॉल देऊन तो जिवंत आहे का ते बघत असे.

अशात सासरे दुकानात आले. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, तेव्हा कवळीवाल्याशी गल्लत करू नका. ह्यांचे दात खणखणीत आहेत. सिद्धेश्वरच्या धरणाच्या काठाला त्यांचं गाव, सव्वाशे मेंढरं, थोड्या शेळ्या आणि तुरीचं रान. बोलणं फार कमी. वर्षभरात माणसांशी जेवढे शब्द बोलतात तेवढे मेंढरांशी एका सकाळी बोलून संपवतात. आणि सिनेमा म्हणजे त्यांच्यासाठी झोपेचं औषध. एकदा त्यांना हिंगोलीला थेटरात नेलं होतं. नावं पडायच्या आत ते घोरायला लागले, आणि मागच्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला, "ह्या थेटरचा साउंड लई भारी हाय."

तर सासरे दुकानात आले, काठी टेकून उभे राहिले.

"जावईबापू, दुकान चालून राहिलं का?"

"चालतंय की मामा."

काउंटरच्या फळीपासून कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंत एका कोळ्यानं प्रशस्त जाळं विणलं होतं. सासऱ्यांनी काठीच्या टोकानं ते हलकेच काढलं.

"व्हय," ते म्हणाले. "दिसून राहिलं." मग काठी पुन्हा टेकून, "माझ्याकडं माणूस कमी हाय. दिवाळीपासून मेंढरांमागं या. दोघंबी."

बायको आत चहा गाळत होती. तिचा हात थांबला. लग्नापर्यंत तिनं ऊन-वारा-काटे बघत मेंढरांमागंच पाय झिजवले होते. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता, पोराकडं मेंढरं किती. एकही नाही म्हटल्यावर तिनं माझं तोंडसुद्धा न बघता होकार दिला. तोंड तिनं हळद लागल्यावर बघितलं, तोपर्यंत उशीर झाला होता.

ती चहा घेऊन बाहेर आली. "आबा, यांला एक डाव खरा सिनेमा करू द्या. तुमी शेवटपर्यंत जागं राहिले तर दुकान राहील. डोळा लागला तर कॅमेरा पेटीत, आन आमी दोघं तुमच्यामागं."

सासऱ्यांनी बशीतून चहा प्यायला. "बराबर हाय. पण म्या झोपणार."

"झोपा. कोण नको म्हणलं."

अशी माझी पैज माझ्यासाठी दुसऱ्यानंच लावून टाकली.

मी आठ दिवस गोष्ट रचली. मेंढरं विकत घेणारा एक व्यापारी धरणाच्या काठाला मेलेला सापडतो. संशय तिघांवर, लोकर कातरणारा, जीपवाला आणि टपरीवाला. मेंढरं राखणाऱ्या एका बाईनं खुन्याचे फक्त बूट बघितलेत आणि आता ते बूट तिच्या मागावर आहेत. बाई म्हणजे माझी बायको. नियमाप्रमाणं खुन्याचं तोंड शेवटपर्यंत दाखवायचं नाही, पाय दाखवायचे. पण आमच्याकडं उन्हाळ्या-पावसाळ्यात सगळे चपलेवर. चपलेतला खुनी मलाच पटेना. चपलेतला माणूस फार तर उसनी वाटीभर साखर मागायला आलेला वाटतो. शेवटी गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचे गमबूट मागून आणले. कॅमेरा घोंगडीच्या घडीवर जमिनीलगत ठेवायचा, चालू करायचा, पळत जाऊन बूट चढवायचे आणि सावकाश चालत कॅमेऱ्यासमोरून जायचं. म्हणजे दिग्दर्शक मी, कॅमेरामन मी आणि पायांपुरता खुनीही मीच. बूट दोन नंबर मोठे होते, त्यामुळं खुन्याच्या चालीत एक गूढ लटपट आपोआप आली.

शेवटी कोण पकडला जातो हे त्या तिघांनाही कळू नये म्हणून मी तिघांचेही दचकलेले चेहरे वेगवेगळे घेऊन ठेवले. तिघांनाही वाटत होतं, आपणच खुनी. तिघंही गावात छाती काढून फिरत होते.

पहिल्या दिवशी ओढा ओलांडायचा प्रसंग घेतला. संध्याकाळचं तिरपं ऊन, बाई पाठमोरी, सव्वाशे मेंढरं ओढ्यात उतरताहेत आणि कळपाच्या सगळ्यात पुढं पांढरकानी. अख्खी काळीभोर मेंढी, फक्त एक कान पांढरा. ती चालली की कळप चालतो, ती थांबली की कळप थांबतो. मी तर म्हणतो, ती मागं वळून बघते तेव्हा सासरेही चालायचे थांबतात. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या अलीकडचा प्रसंग होता. बाई कळप घेऊन वर येते आणि तिला चाहूल लागते. निघताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पांढरकानी पहाटं व्याली. तिला घरी ठिवली, बाकी न्या." मी "बरं मामी" म्हणालो. बुटात कापूस कोंबत होतो, ऐकलं कशाला. ही गोष्ट तुम्ही मात्र ध्यानात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

सिनेमा बावीस मिनिटांचा झाला. दाखवायचा कुठं, तर गावातल्या सोयाबीनच्या गोदामात, आणि तेही भर दुपारी बारा वाजता. दुपारी मेंढरं झाडाखाली बसतात तेव्हाच माणसं मोकळी असतात. संध्याकाळी वाड्यात मेंढरं कोंडायची, मग भाकरी, आणि भाकरीनंतर सासरे सिनेमाशिवायसुद्धा झोपतात. म्हणून गोदाम. शटर खाली ओढलं की आत भरदुपारी अमावास्या. भिंतीला पांढरी चादर, बसायला पोती. अख्खा गाव आला. पुढच्या पोत्यावर सासरे, त्यांच्या शेजारी मी, आणि मी चादरीकडं नाही, त्यांच्या पापण्यांकडं बघत होतो. मागं प्रोजेक्टरच्या मशीनपाशी बायको.

पहिलाच शॉट बुटांचा. अंधारातून दोन बूट येतात, थांबतात.

"हे तर कंपाउंडरचे बूट," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझेच हायेत," पोत्यावरून कंपाउंडर म्हणाला. "पण चाल माझी न्हाई. चाल जावयाची दिसून राहिली."

"व्हय की. तसंच पाय ओढत चालतंय."

खुन्याचे फक्त पाय दाखवायचे हा नियम ज्यानं काढला तो मोठ्या शहरातला असणार, जिथं शेजाऱ्याचे पाय शेजारी ओळखत नाही. आमच्याकडं माणूस सावलीवरून, खोकल्यावरून, सायकलच्या घंटीवरून ओळखतात. तिथं मी सव्वा मिनिटात पकडला गेलो होतो. सासऱ्यांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या.

पुढं बाई शेतातल्या घरात एकटी, आणि दार कुरकुरत उघडतं. ह्या कुरकुरीसाठी मी दाराच्या बिजागरीत वाळू घातली होती. पडद्यावर दार उघडेना, नुसतं कण्हत राहिलं, अगदी हवं तसं.

"त्याला जरा तेल घाला," एक म्हातारी शांतपणे म्हणाली.

मग बाई मदतीला फोन काढते, क्लोजअपमध्ये फोनचा पडदा, रेंज नाही. दुसऱ्या कुठल्या गावात इथं लोकांनी एकमेकांचे हात धरले असते. आमच्या गोदामात कुणी हललं नाही. "तिथं कवा असती," एवढंच कुणीतरी म्हणालं. मग दिवे गेले. पडद्यावरचे. लोकांना वाटलं गावाचीच वीज गेली, सगळे सवयीनं पदरानं-टोपीनं वारा घेत बसले. मी भीतीची जेवढी हत्यारं जमवली होती ती इथं घरगुती भांडी निघाली. सासऱ्यांचं डोकं एकदा पुढं गेलं, सावरलं, पुन्हा गेलं. माझ्या डोळ्यांसमोर दिवाळी, काठी, घोंगडी आणि मेंढरांमागची धूळ दिसायला लागली. मागं वळून बायकोकडं बघितलं. मशीनच्या उजेडात तिचा चेहरा अगदी निवांत.

तेवढ्यात ओढा आला. बाई पाठमोरी, मेंढरं ओढ्यात उतरली, पुढं पांढरकानी. आपल्या गावची मेंढरं बघून लोक जरा खुशीत आले. सासऱ्यांची एक पापणी वर गेली. बूट आले, पाण्यात पडले, चपाक चपाक. मग ओढ्याच्या अलीकडं बाई वर येते, कळप वर येतो.

सासऱ्यांच्या दोन्ही पापण्या वर गेल्या.

"पांढरकानी कुठं हाय?" ते म्हणाले.

गोदामात एकदम शांतता. इतकी की मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मेंढरं राखणारे मोजत नाहीत, ओळखतात. संध्याकाळी वाड्याच्या तोंडाशी उभं राहून एकेक तोंड बघून आत सोडतात. आणि इथं दीडशे जणांच्या दीडशे जोड डोळ्यांनी एकाच वेळी वाड्याच्या तोंडाशी उभं राहून बघितलं. ओढ्यात उतरताना सगळ्यात पुढं होती. वर आली नाही.

"मागं राहिली असंल."

"ती मागं ऱ्हात न्हाई."

"मंग ओढ्यात..."

"गप बसा," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला. ते पोत्याच्या काठावर सरकले होते, काठी दोन्ही हातांत उभी.

पुढची सहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. पडद्यावर झुडूप हललं की अख्खं गोदाम पुढं वाकायचं. माझा खुनी झुडपातून बाहेर आला की सगळे चिडून मागं व्हायचे, कारण ती मेंढी नव्हती. बाईच्या पाठीमागं मी मोकळी जागा ठेवली होती, खुनी तिथून येईल म्हणून लोकांनी घाबरावं, असा हिशोब. लोक त्या मोकळ्या जागेत डोळे ताणून बघत होते, पण पांढरा कान दिसतो का त्यासाठी. मी आवाज पूर्ण बंद केला होता तिथं तर एका बाईनं पदर तोंडात धरला. दाराला तेल घाला म्हणणारी म्हातारी पुटपुटली, "लेकरू गाभण व्हतं वो."

शेवटचा प्रसंग. बूट उंबऱ्यात. कॅमेरा बुटांवरून वर चढायला लागतो, गुडघे, कंबर, छाती. ह्या एका शॉटसाठी मी तीन दिवस घातले होते. आता हनुवटी, आता...

सासरे उठले. काठी टेकत सरळ शटरपाशी गेले आणि एका हिसक्यात ते वर ढकललं.

भरदुपारचं ऊन धाडकन आत पडलं. चादर पांढरीफटक. खुन्याचं तोंड त्या उजेडात असं विरघळलं की पुसलेल्या पाटीवर खडूचा ठिपकाही राहू नये. कुणी तिकडं बघतही नव्हतं. सगळा गाव सासऱ्यांच्या मागं बाहेर, गोदामाच्या ओट्यावर, जिथं एका कोपऱ्यात रेंज येते. सासऱ्यांनी माझ्या मेव्हण्याला फोन लावला. तो धरणाच्या कडेला बाभळीखाली मेंढरांपाशी होता.

"पांढरकानी हाय का?"

मेव्हण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हाय की. पिल्लाला पाजून राहिली. काहून?"

"काय न्हाई," म्हणून सासऱ्यांनी फोन ठेवला, मग पुन्हा लावला. "डोळ्यानं बघून सांग."

"आबा, माझ्या पायाशी हाय."

आता ऐका. त्याच दिवशी सकाळी सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं तिला पाला खाऊ घातला होता. तिचं पिल्लू उचलून त्याचं पोट चाचपलं होतं. तिला काही झालेलं नाही हे साऱ्या जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला एकदम दागिने चाचपणारी आत्या आठवली.

सासरे ओट्यावर बसले, टोपी काढून घाम पुसला. मी हळूच शेजारी टेकलो.

"मामा, मग दुकान?"

"जनावर हरवल्यावर झोप कुठली लागती?" ते म्हणाले. "दुकान ऱ्हाऊ द्या. पण असं करत न्हाईत जावईबापू. माणसाला घोर लावायचा तर तो काढायचाबी असतो. तिला आणून दाखवा, मंग आमी घरी जातो."

गाव उठेना. मी आणि बायको कॅमेरा घेऊन बाभळीकडं निघालो. बांधावरनं चालताना मी म्हणालो, "नशीब बघ. माझ्या एका चुकीनं वाचलो."

ती पुढं बघत चालत होती. "एडिटिंगला बसले तवाच दिसलं व्हतं मला. ओढ्याच्या अल्याड पांढरकानी न्हाई."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी बुटाचंच बोलून राहिले व्हते. आन मला आबा ठाऊक हायेत." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "मेंढरं मला परत नको हायेत. कॅमेऱ्यात बघायला बरी वाटतात."

बाभळीखाली पांढरकानीचा शॉट घेतला. पिल्लू ढुशा देतंय, ती रवंथ करतेय, ऊन कानावर. कॅमेरा हलवला नाही, आवाज घातला नाही, कुठलाच नियम लावला नाही. बायकोनं गोदामातच लॅपटॉपवर तो तुकडा खुन्याचा चेहरा दिसायच्या आधी जोडला आणि शटर पुन्हा खाली आलं.

पांढरकानी पडद्यावर आली तसा अख्ख्या गोदामानं श्वास सोडला. तो वारा एवढा की चादर हलली. म्हातारीनं दोन्ही हातांनी लांबूनच पिल्लाची दृष्ट काढली. आणि लोक उठले. पोती झटकली, चपला शोधल्या, शटर वर गेलं, मेंढरं उठायची वेळ झाली होती. खुन्याचं तोंड दुसऱ्यांदा उन्हात विरघळलं. सासरे तेवढे बसून होते. जवळ जाऊन बघितलं तर घोरत होते.

त्या दिवसापासून धरणाच्या काठाच्या लग्नांची कामं माझ्याकडं येतात. अट एकच, वरातीत घरची जनावरंही दाखवायची, आणि एकही सोडायचं नाही. दुकानात आता कोळ्याला जागा मिळत नाही.

मात्र खुनी कोण हे आजतागायत गावात कुणालाही माहीत नाही. बायकोला माहीत आहे, पण ती सांगत नाही. लोकर कातरणारा मला बाजारात गाठतो आणि आडून आडून विचारतो, "आवो, म्याच व्हतो ना?" मी उत्तर देत नाही. तो वळून चालायला लागला की मी दोन पावलं अंतर ठेवून, आवाज न करता, त्याच्या मागं मागं चालत राहतो. दहा-वीस पावलांत त्याचा हात आपोआप खिशावर जातो.